सीमुर्गाचं डोकं

पक्ष्याला डोकं लावायला तुम्ही सांगितलंत. चौकशीच्या कागदावर मात्र नाव माझ्या नवऱ्याचं लिहिलंत.

मार्च २०१६. रविवार होता, तुमच्या देशातल्या आमच्या बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये चंद्रशेखर मेथी निवडत बसला होता आणि तुमचा फोन स्पीकरवर होता, म्हणून मी साक्षीदार.

तुमच्या संग्रहालयात तो जुन्या वस्तू दुरुस्त करायचा. त्याच्या टेबलावर तेव्हा ती फरशी होती. इराणमधल्या एका दर्ग्याच्या भिंतीवरची, आठ टोकांची, निळी, सातशे वर्षांची. तिच्यावर सीमुर्ग. इस्लामच्याही आधीच्या गोष्टींतला हा पक्षी. बापानं डोंगरावर टाकून दिलेलं पोर त्यानं घरट्यात वाढवलं म्हणतात. शेपटी ज्वाळांसारखी. डोक्याच्या जागी खड्डा. कुणा धर्मनिष्ठानं कधीकाळी छिन्नीनं उडवलेलं.

"चंद्रा, डोकं लावून टाक. प्रदर्शनाच्या पोस्टरवर तोच पक्षी जाणार आहे."

"सर, आमच्यात खंडित मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत नाहीत. त्या लोकांनी डोकं उडवलं, तरी पक्षी दर्ग्यात राहू दिला. तो खड्डासुद्धा त्यांचाच इतिहास आहे."

"तुझा वर्क पास जूनमध्ये संपतोय ना? डोन्ट बी डिफिकल्ट, लाह."

फोन बंद झाला. आर्या म्हणाली, "बाबा, इट्स ओन्ली अ बर्ड."

"हो ना. आणि तुझी ओ-लेव्हल ओन्ली परीक्षा."

हसला. पण नंतर बघितलं तर दांड्या भाजीत आणि पानं कचऱ्यात.

त्यानं डोकं केलं. आम्ही दोघी त्याच्याच पासवर राहत होतो, आर्याची परीक्षा ऑक्टोबरात होती, करणार काय? पण आपल्या रीतीनं केलं. पृष्ठभागापेक्षा केसभर खाली, रंग एक छटा फिका. "सहा फुटांवरून कळू नये, सहा इंचांवरून कळलंच पाहिजे," म्हणायचा. कामाच्या वहीत फोटो चिकटवला, तारीख घातली, खाली तुमची सही घेतली.

जूनमध्ये पास वाढला, पण तुम्हाला फिकं आवडलं नाही. दुसऱ्याकडून वर गडद निळा चढवून घेतलात आणि पाटीवर लिहिलंत, 'मूळ, अखंड.'

सप्टेंबरात एक अभ्यासक बाई टॉर्च घेऊन आल्या आणि पाच मिनिटांत म्हणाल्या, डोकं नवं आहे. आठवड्यात पत्र आलं: 'कर्मचाऱ्यानं विनापरवानगी केलेला बदल.' पास रद्द. तीस दिवसांत देश सोडायचा. परीक्षेच्या आधीच विमान.

शेवटच्या दिवशी त्याला ब्रश नेऊ दिलेत, वही नाही. घरी येऊन तो लॅपटॉप उघडून बसला. मला वाटलं, आता तरी खडसावेल. त्यानं तुम्हाला दोन ओळी लिहिल्या: "डोकं ॲसिटोननं सुटेल. कापूस हळू फिरवा, मानेजवळची मूळ झिलई नाजूक आहे."

छिन्नीवाल्यानं डोकं उडवलं, पण पक्ष्याला दर्ग्याबाहेर काढलं नव्हतं.

ती वही तुमच्या कपाटात आहे. मार्चचं पान उघडा आणि उत्तर द्या, खाली सही कुणाची आहे?