काचेतलं दुपटं

थोरलीनं जो डूख धरला, तो एका नावावरून. आता नावावरून कुणी जन्मभर डूख धरतं का, असं म्हणाल, तर तुम्ही थोरलीला ओळखत नाही.

झालं होतं असं. दोघी जावा एकाच वेळी गरोदर. एकच घर, एकच न्हाणीघर, सकाळी ओकाऱ्या काढायला दोघी एकीमागे एक उभ्या. थोरलीचा हात भरतकामात बसलेला. मुलगीच होणार हे तिनं ठरवूनच टाकलं होतं, आणि नावही. काय नाव, ते इथं सांगत नाही. तुमच्या वर्गात त्या नावाच्या दोघी तरी होत्याच, आठवून बघा. पण तेव्हा ते कुणाचंच नव्हतं. थोरलीनं ते स्वतःच्या डोक्यातून काढलं, मऊ पांढऱ्या दुपट्याच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं भरलं आणि नवऱ्यालाही न सांगता फक्त धाकटीला दाखवलं. धाकटी म्हणाली, किती गोड आहे हो, ताई.

धाकटी आधी बाळंत झाली. मुलगी झाली, आणि बाईनं बेधडक तेच नाव ठेवलं. थोरली पोट सावरत बघायला गेली, तर तोंड वर करून म्हणते कशी, "ताई, आता ते दुपटं तुमच्या काय उपयोगाचं? देऊन टाका ना."

सासू बघत होती, दीर बघत होता, नवरा तर हसत होता. थोरलीनं दुपटं दिलं. थोड्याच दिवसांनी तिलाही मुलगी झाली. नवऱ्यानं कुठलंसं एक नाव सुचवलं, थोरलीनं मान हलवली. लेकीचं दुपटं कोरंच राहिलं.

दोन-तीन महिन्यांतच घरं वेगळी झाली आणि थोरलीनं प्रसूतिगृहासमोर दुकान थाटलं. झबली, टोपरी, आणि नाव भरलेली दुपटी. आता या धंद्यात एक गोष्ट असते. नुसतं "नाव भरून मिळेल" म्हटलेलं गिऱ्हाइकाला पटत नाही, अक्षर डोळ्यांना दिसावं लागतं. म्हणून काचेत नमुन्याचं एक दुपटं टांगायचं आणि त्यावर कुठलं तरी नाव घालायचं. थोरलीनं कुठलं घातलं असेल? तेच. पिवळ्या दुपट्यावर, लाल दोऱ्यानं, चांगलं वीतभर अक्षर, रस्त्यापलीकडून वाचता येईल असं.

समोरून माणसं घाईघाईनं यायची. बाळाला आजच घरी न्यायचंय आणि नावाचा अजून पत्ता नाही. आत्या एक म्हणते, आजी दुसरंच. थोरली गोड हसून म्हणायची, कशाला भांडता, हे घ्या तयार, नाव सुरेख आहे आणि अजून कुणाचंच नाही. काही लोक दुपटं न्यायचे नि नाव विसरायचे. पण बरेच जण दुपट्याबरोबर नावही उचलायचे. भरलेलं आहे ना, मग उसवा कशाला?

चार-पाच वर्षांत ते नाव पैशाला पासरी झालं. बागेत कुणी हाक मारली की पाच पोरी वळायच्या. धाकटीची मुलगी शाळेत गेली, तर वर्गात त्याच नावाच्या चौघी. बाईंनी हिला "तिसरी" म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. धाकटी घरगुती समारंभात कुरकुर करायची, लोकांना काही नवीन सुचतच नाही मेलं. थोरली तोंडाला पदर लावून म्हणायची, हो ना गं. आणि घरी येऊन पोटभर जेवायची. त्या दिवशी तिला दोन घास जास्तच जायचे.

या सगळ्यात तिची स्वतःची लेक दुकानातच वाढली. गल्ल्यामागे बसून अभ्यास करायची, आईला दोरा ओवून द्यायची. गुणी पोर, बडबड नाही, हट्ट नाही. थोरलीला तिच्याकडे नीट बघायला फुरसत नव्हती. तिचं सगळं लक्ष काचेत.

मग वारं फिरलं, जसं फिरतंच. लोकांना दोन अक्षरी नावं हवीशी झाली. ते नाव ऐकलं की तरुण आया नाक मुरडायला लागल्या, माझ्या मोठ्या बहिणीचं आहे म्हणायच्या. थोरलीनं तरी काचेतलं दुपटं उतरवलं नाही. उन्हानं त्याचा पिवळा रंग विटला, लाल दोरा गुलाबी पडला. नाव गाजताना तिला जितकी मजा वाटली होती, तितकीच ते मरताना वाटत होती.

आणि एके दुपारी धाकटी स्वतः पायरी चढून आली. केस पिकलेले, चेहरा उतरलेला. तिच्या मुलीनं नाव बदललं होतं. कागदोपत्री, रीतसर. आईनं जुन्या नावानं हाक मारली तर ओ देत नव्हती. म्हणाली होती, ते नाव कधी माझं नव्हतंच, अर्ध्या गावाचं होतं. धाकटीनं पिशवीतून पांढरं दुपटं काढलं. तेच ते. इतकी वर्षं जपलेलं, घडीत कापूर घातलेला. मुलगी म्हणते यावरचं उसवून नवीन भरून आण, नाहीतर टाकून दे.

"ताई, खरं सांगा," ती म्हणाली, "आता कुणीच ठेवत नाही का हो हे नाव?"

या प्रश्नासाठी थोरली अर्धं आयुष्य थांबली होती. तिनं घाई केली नाही. चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला.

"गेलं ते. आता फुकट दिलं तरी कुणी घेणार नाही."

मग तिनं कात्री घेतली आणि धाकटीच्या डोळ्यांदेखत निळा दोरा उसवायला बसली. एकेक टाका, सावकाश. धाकटीचे डोळे भरले तेव्हा तर हिचा हात आणखी हळू झाला. शेवटचं अक्षर सुटलं तसं धाकटी म्हणाली, राहू दे, नवीन काही भरू नका, आणि कोरं दुपटं छातीशी धरून निघून गेली. थोरलीनं दोऱ्याचा गुंता कचऱ्यात टाकला. काळीज असं थंड झालं म्हणता!

महिना गेला असेल नसेल, लेक समोरच्याच प्रसूतिगृहात बाळंत झाली. मुलगी. थोरली डबा घेऊन गेली आणि कौतुकानं म्हणाली, सांग, काय नाव भरू? म्हणशील त्या रंगात भरते.

"नवीन नको," लेक म्हणाली. "काचेतलं आण."

थोरलीला आधी कळेचना. मग कळलं तशी ती उसळली. अगं, जुनाट झालंय ते, विटलंय, लोक हसतील पोरीला.

"हसू देत. आई, तू ते नाव रोज भरायचीस. मी समोर बसून बघायचे. माझं तू एकदासुद्धा भरलं नाहीस." लेकीच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "मला वाटायचं, तुला त्या नावाची मुलगी हवी होती आणि मी झाले. आता ती झालीय. हिच्यावर तरी माया कर."

थोरलीनं तोंड उघडलं. काय सांगणार होती? की ती माया नव्हती, जळफळाट होता? की पोरी, तू समोर बसून जे बघत होतीस ते उट्टं काढणं होतं? ओल्या बाळंतिणीला असलं सांगतात का कुणी. ती रस्ता ओलांडून गेली, काच सरकवली आणि दुपटं उतरवलं. त्यात इतकी धूळ होती की तीनदा झटकावं लागलं.

संध्याकाळी धाकटी बाळाला बघायला आली. लेकीनं हौसेनं कोपरा उलगडून दाखवला. "बघ ना काकू, हेच नाव ठेवलंय. आईच्या हातचं आहे."

धाकटीनं ती विटकी अक्षरं वाचली. थोरलीकडे बघितलं. हसली नाही, टोमणा मारला नाही. नुसतं बाळाच्या गालाला बोट लावलं.

"पांढऱ्या दुपट्यावरचं नाव राहिलं असतं तर ते हिलाच दिलं असतं, ताई," ती म्हणाली. "ते मनापासून भरलेलं होतं."

थोरली खिडकीशी गेली. समोर दुकानाची काच रिकामी दिसत होती. मागे लेक बाळाला हाक मारत होती, त्याच नावानं, पुन्हा पुन्हा, आणि आजीनं वळून बघावं म्हणून वाट बघत होती.