अकरावी सही

ऋता तेलंग अमेरिकेतल्या कोलंबस शहरातल्या एका विद्यापीठात कायदा शिकवते. वर्णभेद आणि घरं हा तिच्या संशोधनाचा विषय. १९६८ साली कायद्याने घरविक्रीतला भेदभाव बंद केला. त्यानंतरही तो कुठल्या कागदांतून चालू राहिला, हे ती नऊ वर्षं शोधत होती.

गेल्या मार्चमध्ये जुन्या कोर्टकागदांत तिला १९७७ची एक फाइल सापडली. ग्रीअर नावाच्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या एका कृष्णवर्णीय माणसाने कोलंबसच्या डब्लिन या उपनगराजवळ घर पसंत केलं होतं. व्यवहार ठरलाही होता. मग शेजाऱ्यांनी घरमालकाला अर्ज दिला: 'आपल्या गल्लीचं स्वरूप लक्षात घेऊन खरेदीदार निवडावा.' मालकाने व्यवहार मोडला. ग्रीअर कोर्टात गेले आणि हरले, कारण अर्जात रंगाचा उल्लेख कुठेच नव्हता. ऋताला नेमका असाच कागद हवा होता.

अर्जाखाली अकरा सह्या होत्या. शेवटची डॉ. उल्हास तेंडोलकर यांची.

उल्हासकाका तिच्या बाबांचे मित्र. मिरजेहून आलेले हृदयरोगतज्ज्ञ, आता एक्क्याऐंशी वर्षांचे. तेलंग कुटुंब अमेरिकेत आलं तेव्हा पहिले तीन महिने काकांच्या बेसमेंटमध्ये राहिलं होतं.

दोन आठवडे तिने तो विषय बाजूला ठेवला. मग एका शनिवारी सकाळी कागदाची प्रत घेऊन त्यांच्याकडे गेली. रत्नाकाकूंनी पोहे केले होते. काकांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"सही माझीच आहे," ते म्हणाले.

"काका, हा अर्ज कोणाविरुद्ध आहे ते माहीत होतं तुम्हाला?"

"होतं. समोरचा माणूस कागद घेऊन दारात उभा होता. आम्हाला गल्लीत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, रत्नाला सातवा महिना. वाटलं, आज सही केली नाही तर पुढचा कागद आपल्यावर निघेल."

"नाव नको घालूस गं," रत्नाकाकू म्हणाल्या. "'एक शेजारी' असं लिही. तुझा मुद्दा तेवढ्याने सिद्ध होतो ना?"

होत होता.

"बाकीच्या दहांची नावं घालणार आहेस?" काकांनी विचारलं.

"हो. ते सगळे गेले आता."

"मग माझंही घाल. आणि अजून एक आहे. ग्रीअर पुढे माझे पेशंट झाले. बारा वर्षं. त्यांची अँजिओप्लास्टी मीच केली. दर व्हिजिटला वाटायचं, आज सांगावं. नाही सांगितलं."

रत्नाकाकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. हे त्यांनाही आजच कळत होतं.

"ते मला लिहिता येणार नाही, काका. पेशंटची माहिती आहे ती," ऋता म्हणाली. "ग्रीअर आता नाहीत. पण त्यांची मुलगी क्लीव्हलंडला असते. मी तिच्याशी बोलले आहे."

काकांनी मान हलवली.

लेख सप्टेंबरमध्ये अकराही नावांसह प्रसिद्ध झाला. मराठी मंडळाने ऋताचं ठरलेलं व्याख्यान कॅन्सल केलं. "आपल्याच माणसाचं नाव कशाला, यार," असं अध्यक्ष सिद्धेश फोनवर म्हणाला. रत्नाकाकूंनी तिचे फोन घेणं बंद केलं. काकांनी मात्र ऑक्टोबरमध्ये स्वतः फोन केला आणि क्लीव्हलंडला नेशील का म्हणून विचारलं.

डेनिस ग्रीअर एका लायब्ररीत काम करते. तिने दोघांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, कॉफी दिली. काकांनी जे सांगायचं ते न अडखळता सांगितलं. सही, आणि मग ती बारा वर्षं.

"बाबा तुमच्याबद्दल नेहमी बोलायचे," ती म्हणाली. "या डॉक्टरला आपलं जगणं समजतं, असं त्यांना वाटायचं."

डेनिसने आपला कप बाजूला सारला.

"कळलं असतं तर त्यांनी डॉक्टर बदलला असता?"

"बहुतेक," काका म्हणाले.

"मग ते त्यांना ठरवू द्यायला हवं होतं. घरही त्यांना निवडू दिलं नाही, आणि डॉक्टरही."

"हो."

तिने माफ केलं असं म्हटलं नाही, आणि काकांनी तसं मागितलंही नाही. निघताना तिने वडिलांच्या वर्गाचा एक जुना फोटो त्यांना दाखवला, आणि दारापर्यंत सोडायला आली.

परतीचा प्रवास दोन तासांचा होता. अर्ध्या वाटेवर, मॅन्सफील्डच्या आसपास, काका म्हणाले, "बरोबर बोलली ती." ऋता ड्राइव्ह करत राहिली. बारा वर्षं न सांगण्याबद्दल तिला काकांचा राग आला होता. सहीबद्दल आला नव्हता, आणि याचंच तिला आश्चर्य वाटलं.

डिसेंबरमध्ये रत्नाकाकूंचा फोन आला. लेखाचा विषय त्यांनी काढला नाही. बाबांच्या गुडघ्याची चौकशी केली, मग म्हणाल्या, "ती डेनिस. किती वर्षांची आहे?"

"चोपन्न."

"म्हणजे तेव्हा सहा वर्षांची होती," काकू म्हणाल्या. "आणि माझं बाळ पोटात होतं."