दहापैकी चार

एकतीस वर्षं मी वैनगंगेचं पाणी मोजलं. पुलाच्या खांबावर रंगवलेली मोजपट्टी आणि रोज सकाळी आठला वहीत आकडा, एवढीच नोकरी. पुरात लोक वाटेल ते सांगत. मी पट्टीवर असेल तेवढंच लिहायचो. खेमराजचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं बालाघाटच्या ऑफिसात साहेबसुद्धा म्हणत. त्यामुळे नागपूरच्या डॉक्टरांनी माझ्या बायकोच्या, शेवंताच्या त्रासाचा तक्ता माझ्या हाती दिला, तेव्हा त्या धसक्यातही मला थोडी ऐट आली.

आजार रक्ताचा. हाडांतली रक्त बनवणारी जागा घट्ट होत जाते आणि पोटातली प्लीहा सुजत जाते. कॅन्सरच, पण संथ चालीचा. दर रविवारी दहा प्रश्न विचारायचे: थकवा, खाज, हाडदुखी, पोट लवकर भरणं वगैरे. प्रत्येकाला शून्य ते दहा आकडा. बेरीज तिसाच्या वर गेली की लगेच कळवायचं, मग ते औषध वाढवणार. हे रक्त तपासून कळत नाही, बाईंना विचारूनच कळतं, असं डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं.

तीन महिने मी मोबाईलवर तक्ते पाठवत राहिलो. अठरा, पंधरा, बारा, नऊ. वजनही तेवढंच होतं. अंग झडत होतं आणि सुजलेली प्लीहाच ते वजन भरून काढत होती, हे तेव्हा कुठे ठाऊक. शेजारच्या टिकारामला तर मी तक्ता नेऊन दाखवला.

मग सून आम्रपाली गोंदियाहून आठ दिवसांसाठी आली. शेवंता नेहमी माझ्या मागून जेवायची. सुनेनं पहिल्याच दिवशी तिघांची ताटं एकदम वाढली, आणि सासूनं चार घास खाऊन ताट सरकवलं. रोज तेच. रविवारी मी पोटाचा प्रश्न विचारला, शेवंतानं शून्य सांगितलं. आम्रपालीनं माझ्या हातून पेन काढून घेतलं आणि विचारलं, मग भात उरते काहून?

"तू लय वाढतं," शेवंता म्हणाली. "मी आपला मुठभर घेतो. मुठभर भातात कुठं पोट भरते?"

खाजेलाही शून्य होतं. अंगावर पाणी घेतलं की आग उठल्यासारखी खाज सुटायची, म्हणून महिनाभर ती आंघोळच टाळत होती; फडक्यानं अंग पुसून लुगडं बदलायची. थकव्याला एक, कारण विहारात जाणं, बाजार, जिना चढणं, सगळं तिनं एकेक करून सोडलं होतं. त्रास होईल ते करायचंच नाही, मग आकडा येणार कुठून? आणि मी त्याच घरात दोन वेळा जेवत होतो.

मी भडकलो. मला का नाही सांगितलं, म्हणून तिच्यावरच ओरडलो.

"सांगतलं होतं," ती म्हणाली. "पयल्या ऐतवारी थकव्याले आठ म्हटलं. तुमचं तोंड उतरलं. तुमी म्हटलं, आठ काही नाही, चार लिहितो. मले वाटलं, तुमाले चारच पाह्यजे."

मी कच्चा कागद शोधून काढला. पहिल्याच ओळीत आठ खोडून चार केलेले होते, माझ्याच अक्षरात. डॉक्टरांना मी साफ प्रत पाठवली होती. नदीशी मी एकदाही घासाघीस केली नव्हती.

त्या दिवशी बेरीज छप्पन्न आली. दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला गेलो. प्लीहा बेंबीखाली उतरली होती. डॉक्टरांनी औषध वाढवलं, पण दोन महिने आधी आला असता तर जास्त उपयोग झाला असता, असं स्पष्ट सांगितलं. शेवंतानं मला त्यावरून एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

आम्रपाली परत गेली. पुढच्या रविवारी मी तक्ता घेऊन बसलो आणि थकव्याचं विचारलं. शेवंतानं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग म्हणाली, पाच.

मी पेन खाली ठेवलं. उठून खुर्ची फिरवली आणि तिच्याकडे पाठ करून बसलो. पुन्हा तोच प्रश्न विचारला.



"नऊ," ती म्हणाली.

मी नऊ लिहिले.