कावीळ नव्हे, मी होते!

मी बी-कॉम्प्लेक्सची गोळी बोलतेय. बोलतेय कसली, भांडणारच आहे! आठ दिवस झाले, रुपीच्या घराच्या कारवीच्या कुडात, त्या काटक्यांच्या भिंतीत, मला खोचून ठेवलंय. पाकिटात माझ्यासोबत सहा बहिणी आहेत. सगळ्या धुराने काळवंडल्यात.

कारखान्यातून निघाले तेव्हा केवढी ऐट होती माझी! खाल्लेलं अंगी लागायला मदत करायची, आलेलं तोंड बरं करायचं, हे माझं काम. पण मी जादू नव्हे. भाकरीची जागा मी घेत नाही. उपाशीपोटी गिळलं तर कुणाला मळमळतं. आणि ताकदीच्या हावेने महिनोन्‌महिने मूठमूठ खाल्लं, तर हातापायांना मुंग्या येतात.

रुपी खोडाळ्याजवळच्या पाड्यावरची. पदरात चार महिन्यांची पोर. ओठांचे कोपरे फाटलेले, जीभ लालभडक. नागलीच्या भाकरीचा घास घेतला की डोळ्यांत पाणी. आईच जेवेना, तर पोरीला दूध कुठून येणार? पाड्यावर येणाऱ्या आशाताईकडे, मीनाकडे, ती गेली. मीनाने आमचं पाकीट तिच्या हातात कोंबलं. "रोज एक, जेवून," म्हणाली आणि निघाली. संपलं!

तीन दिवसांत रुपीची जीभ निवायला लागली. आणि लघवी झाली पिवळीजर्द. अहो, होणारच! अंगाला हवं तेवढं मी देते, उरलेला माझा पिवळा रंग बाहेर पडतो. त्यात घाबरण्यासारखं काहीच नाही. पण हे रुपीला सांगितलं कुणी? तिने सासूला, धोंडीबाईला सांगितलं. सासूने कपाळावर हात मारला. "कावील झाली गं बाय! टाक ती गोळी!"

मग काय, मला कुडात खोचलं आणि रुपीच्या गळ्यात कावीळ उतरवायची माळ आली. मीठ बंद, तेल बंद, नुसती पेज. जेमतेम उतरू लागलेलं दूध पुन्हा आटलं. पोर रडून रडून घसा बसवून घेते आणि मी बसलेय कुडात! धोंडीबाईवर माझा राग नाही. तिचा सख्खा भाऊ काविळीने गेलाय. ती घाबरली यात नवल काय?

आज मीना आली. माळ बघून चमकली. रुपीला उजेडात नेऊन तिचे डोळे पाहिले.

"अगं, कावीळ कसली? डोळे स्वच्छ आहेत तुझे. या गोळीने लघवी पिवळी होतेच."

"मंग तवाच का नाय सांगला?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

"माहीत असता तं तुझ्याकडं कशाला आली असती, बाय?"

मीनाची मान खाली गेली. जाऊ दे खाली! पाकीट द्यायला हात होता, दोन वाक्यं सांगायला तोंड नव्हतं? अशा किती घरांच्या कुडात माझ्या बहिणी सडत असतील!

रुपीने मला ओढून काढलं, मीनाला बसवून तिच्या मांडीवर ठेवलं आणि समोर फतकल मारून बसली. "आता समदा सांग. काय व्हतं, काय नाय. मंगच खाईन."

मीनाने खांद्यावरची पिशवी उतरवली. बोल बाई, आता तरी नीट बोल. आणि लवकर बोल, पोर भुकेली आहे.