शेजाऱ्याहून मोठी टाकी

शेजारच्या बेकरीवाल्याने गच्चीवर दोन हजार लिटरची निळी टाकी बसवली, त्या दिवशी घड्याळजींना आपली टाकी गळते असा साक्षात्कार झाला. ती चार वर्षं गळतच होती. पण आता ती सलायलाही लागली.

"त्याच्या टाकीची सावली आपल्या गच्चीवर पडते. कपडे वाळत नाहीत," ते बायकोला म्हणाले.

"अहो, सावली पलीकडे पडते. हवी तर घ्या नवी! माणसं दोन, पाचशे लिटरची पुष्कळ झाली."

घड्याळजींनी तीन हजारांची घेतली. रंग पिवळाधमक, म्हणजे बेकरीवाल्याला पाठमोरं उभं राहूनही दिसावी.

टाकी बसवून झाल्यावर प्लंबर डोकं खाजवत म्हणाला, "नळाला पाणी तासभर. नुसत्या जोरावर ही भरायची नाही."

"मग मोटर लाव. थेट लाइनीला!"

"आणि गल्लीच्या टोकाच्या घरांनी काय करायचं? तुम्ही ओढलंत की त्यांच्या नळाला नुसता वारा. बेकरीवाल्यांनी बघा, खाली हौद बांधलाय. नळाला येईल तेवढं हौदात पडतं, मग मोटर तिथून वर चढवते."

घड्याळजींचा चेहरा पडला. "म्हणजे त्याच्याकडे हौदपण आहे?"

प्लंबरने पान्हा पिशवीत टाकला. "थेट लाइनीला मी लावणार नाही," म्हणाला आणि गेला. घड्याळजी कुणाचं ऐकतात! केसाएवढी स्प्रिंग बसवणाऱ्या हातांना एक मोटर काय जड? दुसऱ्याच दिवशी टाकी काठोकाठ भरली. घड्याळजींनी निळ्या टाकीकडे प्रथमच दयेने पाहिलं.

आठव्या दिवशी ते थोरल्या बहिणीकडे गेले. घर गल्लीच्या टोकाला. भावोजी वर्षभर अंथरुणाला खिळलेले. खोलीत कुबट वास आणि कोपऱ्यात मळक्या चादरींचा ढीग.

"ताई, हे काय?"

"आठ दिवस नळ कोरडा आहे रे. ह्यांना धड पुसायलाही पाणी पुरत नाही. काल पाठीवर जखम दिसली."

घड्याळजी उसळले. "त्या बेकरीवाल्याचंच काम! दोन हजार लिटर काय आभाळातून पडतात?"

"जीभ आवर! तोच बिचारा पहाटेची भट्टी उतरली की रोज दोन बादल्या आणून ठेवतो. त्याच्यावर तर दिवस काढतोय."

घड्याळजींच्या काळजात कळ उठली. बहीण आपली आणि कौतुक बेकरीवाल्याचं!

ताई बोलतच होती. "पाणी यायच्या वेळेला कुठेतरी मोटर घरघरते आणि आमचा नळ सूं करून गप्प होतो. कोण मेला लावतो, देव जाणे."

घड्याळजींनी जखमेकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"ताई, मोटर माझी आहे."

ताई कडाडली. "झाली ना तुझी टाकी त्याच्याहून मोठी? अरे, पण ती भरलीस कशाने? ह्यांचं अंग पुसायच्या पाण्याने!"

त्याच संध्याकाळी मोटर लाइनीवरून निघाली. घड्याळजींनी प्लंबरला हातापाया पडून बोलावलं आणि हौदाचं काम काढलं. सकाळी दोन बादल्या घेऊन ते ताईकडे पोचले, तर बेकरीवाला आधीच येऊन गेलेला! जीव असा जळला, की दुसऱ्या दिवशी ते भट्टी उतरायच्या आत दारात हजर. स्वभाव एका आठवड्यात बदलत नाही. पण त्याला कामाला लावता येतं.

तेव्हा मंडळी, टाकी गळत असेल तर जरूर बदला. ऐपत असेल तर मोठीही घ्या. पण गल्लीची पाइपलाइन सगळ्यांत मिळून एकच असते. शेजाऱ्याशी ईर्ष्या करून तिला तोंड लावलं, की कुणाचा तरी नळ कोरडा पडतो. आणि तो आपल्याच माणसाचा असतो, हे कळेपर्यंत जखम झालेली असते!