अंगठ्यावरचा चुना

फोटोवाल्या कल्याणनं फोटोवरचा कागद सोडला आणि मी पदर तोंडाला लावला. रडू आलं म्हणून नव्हे. तोंडातून काय निघेल याचा भरवसा नव्हता म्हणून.

फोटोत आमचे मालक निळे पडले होते. ओठ जांभळट, गाल राखेसारखे. हा चेहरा मी एकदाच पाहिला होता, गेल्या साली, नगरच्या दवाखान्यात नेताना, जीपमध्ये, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर असताना. त्या चेहऱ्याला हार घालायला मी फोटो मोठा करायला टाकला नव्हता. परवा वर्षश्राद्ध. सोयरेधायरे येणार, आणि भिंतीवर हे टांगायचं?

नात निकिता शेजारी उभी होती. फोटो तिच्याच हळदीतला. मालकांचे फोटो म्हणावेत तर दोनच. एक आधार कार्डावरचा, त्यात ते पकडून आणलेल्या चोरासारखे दिसतात. आणि हा, मांडवात खाटेवर बसून हसणारा. कॅमेऱ्याकडं बघून हा माणूस जन्मात एकदाच हसला.

"आजी, लई दुरुस्ती केली बघा याच्यात," कल्याण म्हणाला.

"दुरुस्ती? पंचेचाळीस वर्सं मी त्या मानसाची दुरुस्ती करीत हुते, मला जमली न्हाई. तू दोन दिसांत उरकलीस व्हय?"

दुकानात पासपोर्टच्या फोटोसाठी दोन बाया बसल्या होत्या, त्या हसल्या. मी हसले नाही.

मग त्यानं समजावायला सुरुवात केली, पण मला नव्हे, निकिताला. म्हातारीला काय कळायचं, असं असावं. मी दुसरीपर्यंतच शिकले, पण कान मला दोन आहेत. तो सांगत होता की मांडवाचं कापड पिवळं, त्यातून गाळून आलेलं ऊन पिवळं, म्हणून सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं दिसत होतं. तो पिवळेपणा काढावा लागतो. कॉम्प्युटरला पांढरं काय ते ठाऊक नसतं. फोटोतली एक पांढरी वस्तू आपण त्याला दाखवायची, मग तो तिच्यावरून बाकीचे रंग लावून घेतो.

"आन् तू काय दावलंस?" मी मधेच विचारलं.

"धोतर. तुमच्या मालकांचं, आसारामबाबांचं धोतर पांढरंच की."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या घरात रीत आहे. पोरीला हळद लागायच्या आधी तिच्या आज्याचं धोतर त्याच हळदीच्या पाण्यात बुडवायचं आणि त्यानं दिवसभर तेच नेसायचं. ते धोतर मी माझ्या हातानं घंगाळात भिजवलं होतं, चार दिवस माझी नखं पिवळी होती. आणि हा गडी त्या हळदीला कॅमेरा घेऊन स्वतः हजर होता. दोनदा वाढून घेऊन शिरा खाल्ला. पिवळ्या मांडवात, पिवळ्या उन्हात धोतर पिवळं दिसलं, तर याला वाटलं उन्हानंच पिवळं झालंय. एका माणसाला विचारलं नाही.

मी हे सगळं त्याला ऐकवलं, शिऱ्यासकट. त्याची मान खाली गेली. हळद धोतरातून काढायला गेला आणि माझ्या माणसाच्या तोंडावरचं रगत काढून बसला.

"मग पांढरं काय हाय ते तुमीच सांगा," तो म्हणाला. जरा फणकाऱ्यानंच म्हणाला.

"दुरुस्तीच्या आदीचा फोटो दाव. आख्खा."

आख्खा फोटो पडद्यावर आला तेव्हा कळलं, यानं हातही कापून टाकला होता. तंबाखू मळणारा हात श्राद्धाच्या फोटोत बरा दिसत नाही म्हणे. मला न विचारता माणसाचा हात कापतो, आणि वर दुरुस्ती म्हणतो. त्याचा हिशेब मागून करू म्हणून मी आधी पांढरं शोधायला लागले. फेटा गुलाबी. सदरा सायीच्या रंगाचा, मीच निवडलेला. मिशा पांढऱ्या खऱ्या, पण तंबाखूनं त्यांचीही वाट लागलेली.

मग अंगठा दिसला.

डाव्या तळहातावर तंबाखू, आणि उजव्या अंगठ्याच्या नखावर चुन्याचा ठिपका. त्या चुन्यावरून मी किती भांडले असेन. चौकटीला चुना, उशीला चुना, निकिताच्या बाळंत्याला चुना. हळदीच्या दिवशी तरी हात धुवा म्हणून सकाळीच बजावलं होतं. ऐकलं असेल तर शपथ.

"कॉम्प्युटरला ते नख दाव," मी म्हणाले. "चुना तरी पांढरा असतो ना, का त्यालाबी तू शिरा म्हननार?"

त्यानं अंगठा मोठा करून घेतला, बाण नखावर नेला आणि बटन दाबलं.

मालक आले. गाल उन्हानं रापलेले, तव्याला लागलेल्या भाकरीसारखे. ओठ जिवंत माणसाचे. फेटा गुलाबीचा गुलाबी. आणि धोतर पिवळंच राहिलं, मी रंगवलं होतं तेवढंच, ना जास्त ना कमी. निकितानं माझा दंड धरला.

कल्याणनं बाण नखावरून बाजूला नेला. मग हळूच म्हणाला, "आजी, चुकलं माझं. आता येवढा नखावरचा चुना पुसू का? दोन मिन्टांचं काम हाय."

"हात लावू नको. त्या चुन्याव बोलायचा हक एकट्या माझा हाय. आन् कापलेला हातबी परत लाव."

संध्याकाळच्या आत त्यानं नवा फोटो छापून, चौकटीत बसवून दिला. परतताना जीपवाला म्हणाला, म्हातारे, फ्रेम वर टपावर टाक, आत गर्दी हाय. त्याला जे ऐकवायचं ते मी ऐकवलं. फोटो मी मांडीवर घेतला, चेहरा वर करून, आणि घर येईपर्यंत त्यांना चुन्यावरून बोलत राहिले.