डोक्यावरची रेघ

आमच्या बाळासोला माणसांना पायऱ्या लावायची खोड लागली होती. पुण्याहून तो कॉम्प्युटरवर गणिताची पुस्तकं जुळवायला शिकून आला आणि छापखान्यातल्या एकेकाला जागा दाखवायला लागला. नुसती बटणं दाबणारा पहिल्या पायरीवर. मशीनला हुकूम देणारा दुसऱ्या. सगळे हुकूम तोंडपाठ असणारा तिसऱ्या, आणि तिसरीवर साऱ्या राजारामपुरीत हा एकटा. माझी सून मीनाक्षी पहिल्या पायरीवर. मला उंबऱ्याबाहेरच ठेवलेलं. खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू लावायला गेले तर म्हणाला, "काकी, लांबनं नमस्कार करा. भुकटी आत जाती."

छापखाना माझा. आमचे मालक वारल्यावर मी चालवला. शाळा चौथीत सुटली, पण छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे उलटे वाचत म्हातारी झाले. बाळासो माझ्या दिराचा मुलगा, शिकून आलेला, म्हणून खुर्ची त्याला दिली. मीनाक्षी गणितात बी.एस्सी., तरी शेजारी स्टुलावर.

"वहिनी, तुमी टायपिंग करा. हुकमाला हात लावू नका."

"बरं, भावजी," ती म्हणायची. पण संध्याकाळी हा गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला गेला, की ती खुर्चीत बसायची. दुधाला वेळ लागत नाही, गप्पांना लागतो. तेवढ्यात ती हुकमासकट धडे जुळवायची. हातात असलेल्या पुस्तकाचे मागचे अर्धे धडे तिनं असेच केले. मला ठाऊक होतं. बाळासोला वाटायचं, आपण सांगितलेलं टायपिंगच चाललंय.

पुस्तक कुंभोजकर सरांचं, कॉलेजचं, इंग्रजी. असलं काम आमच्याकडं पहिल्यांदाच आलेलं. ते हातचं गेलं असतं तर कॉलेजवाले पुन्हा दारात आले नसते. आणि एका सकाळी सर म्हणाले, "ज्या अक्षराला दिशा असते, म्हणजे व्हेक्टर, त्याच्या डोक्यावर आपण रेघ काढलीय. आता तिथं बाण पाहिजे, साऱ्या पुस्तकात. जूनच्या आत होत नसेल तर सांगा, मी पुण्याला नेतो."

"त्यात काय, सर. चहा घ्या तवर," बाळासो म्हणाला. त्यानं आधी स्वतः जुळवलेल्या पहिल्या धड्यांवर मशीनला हुकूम सोडला, दिसेल त्या रेघेचा बाण कर. त्याचे धडे कागदावर निघाले. सरांनी बशी खाली ठेवली.

"बाळासो, ही सरासरी. हिच्या डोक्यावर रेघच असते. तुम्ही बाण लावला. आता ही निघाली कुठं?"

बाळासोचा चेहरा उतरला. "मग एकेक रेघ हातानं बघावी लागंल. सगळ्या पुस्तकात."

सर कागद गोळा करायला लागले.

"सर, थांबा. माझे धडे बघून जावा," मीनाक्षी म्हणाली.

"तुमचे कुठले धडे?" बाळासोनं विचारलं.

"भावजी, जरा उठा."

तो उठला. तिनं एका जागी एक ओळ बदलली, बस्स. कागद निघाले. दिशेच्या अक्षरांवर बाण, सरासरीवर रेघ जागच्या जागी. सरांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"हे कसं केलंस गं?" मी विचारलं.

"आत्याबाई, मी धड्यात रेघ काढा असं लिहिलंच न्हाय. दिशेच्या अक्षराला एक नाव दिलं, सरासरीला दुसरं. कुठल्या नावावर काय काढायचं, ते वर एकदाच सांगून ठेवलं."

मला लगेच उमगलं. मालक लग्नपत्रिकेतल्या 'आमचे येथे श्रीकृपेकरून'चे जुळवलेले खिळे सुतळीनं बांधून फळीवर ठेवायचे. दर लग्नाला ते कोण पुन्हा जुळवणार? नवरानवरीची नावं तेवढी बदलायची. पोरीनं मशीनच्या पोटात तसलीच फळी ठोकली होती.

"पुस्तक इथंच राहू दे," सर म्हणाले. "पहिले धडेही हिच्या पद्धतीनं करून द्या. आणि बाळासो, ह्या कितव्या पायरीवर?"

बाळासो खिडकीतनं रस्त्यावरच्या रिक्षा बघत उभा राहिला. मी हळदकुंकवाची वाटी आणली, मीनाक्षीच्या कपाळाला लावलं आणि त्याच्याकडं वळले.

"बाळासो, हुकूम तुला पाठ हायत, त्यात वाद न्हाय. पण कशासाठी काय काढतोय ते ध्यानात ठेवून हिनं काम केलं, तू न्हाय. आजपासनं खुर्ची हिची. तू स्टुलावर बसायचं आणि तुझे धडे ही सांगंल तसे नीट करायचे. आन् गंगावेशीला जायचं झालं, तर हिला विचारून जायचं."